गर्भातील बाळाची तपासणी आणि १२० दिवसांचा हिशेब



मशिदीच्या इमामाकडे येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप अलीकडे पालटू लागले आहे. तहारत, तलाक, वारसा, कर्जावरील व्याज हे प्रश्न पूर्वीसारखे येतातच. परंतु आता इशाच्या नमाजनंतर जमात पांगली की एखादा तरुण मागे रेंगाळतो, खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, “मौलाना, हे जरा पाहता का?” तो कागद पॅथॉलॉजी लॅबचा अहवाल असतो.

काही महिन्यांपूर्वी असाच एक तरुण आला. पत्नी बाहेर रिक्षात बसून होती. तिला चौथा महिना लागत होता. डबल मार्करच्या अहवालात डाऊन सिंड्रोमच्या समोर १:१८० हा आकडा होता आणि त्यापुढे लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ असे छापलेले होते. डॉक्टरांनी पुढील तपासणी सुचवली होती. तरुणाच्या आईचे म्हणणे, “तपासण्या पुरे झाल्या, अल्लाहवर सोडा.” सासऱ्यांचे म्हणणे, “जन्मभराचे ओझे कशाला? वेळ आहे तोवर मोकळे व्हा.” दोन्ही वडीलधाऱ्यांमध्ये सापडलेल्या त्या मुलाला माझ्याकडून फक्त एक शब्द हवा होता, जायज की नाजायज.

तो शब्द मी त्या रात्री दिला नाही. कारण असा शब्द मी पूर्वी एकदा देऊन बसलो होतो.

मदरशातून नुकताच बाहेर पडलो होतो, तेव्हाची गोष्ट. एका जोडप्याने हाच प्रश्न विचारला होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की गर्भाची तपासणी करणे म्हणजे तवक्कुलमधील उणीव होय. त्या भल्या माणसांनी माझे ऐकले. इतके ऐकले की पाचव्या महिन्याची सोनोग्राफीही करून घेतली नाही. मुलगी झाली. तिला डाऊन सिंड्रोम होता. आईबापांनी तिला तक्रारीचा एक शब्दही न काढता छातीशी धरले. परंतु तिच्या हृदयाला मोठे छिद्र होते आणि ते कळले नवव्या महिन्यात, दूध पिताना ती धापा टाकू लागली व नखे निळी पडू लागली तेव्हा. शहरातील शल्यचिकित्सकांनी सांगितले की असे ऑपरेशन पहिल्या सहा महिन्यांत व्हायला हवे होते, आता फुप्फुसांतील दाब वाढला आहे. तिसरे वर्ष पुरे होण्याआधी ती गेली. तिची जनाजाची नमाज मीच पढवली. तपासणी झाली असती तर ती जगली असती, असे मी म्हणत नाही. आयुष्याची मुदत अल्लाहच्या हाती आहे. पण उपायाचे साधन हातचे सोडायला मी सांगितले होते. तिच्या वडिलांनी मला आजवर कधी दोष दिलेला नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग मनातून जात नाही.

तपासणी आणि तवक्कुल

तेव्हा प्रथम माझी चूक दुरुस्त करतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू काय, असे विचारणाऱ्या माणसाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले, मग भरवसा ठेवायला. आजारावर औषधोपचार करण्याची त्यांची शिकवण हदीसच्या ग्रंथांत ठिकठिकाणी आढळते. शामकडे जाताना सर्ग या ठिकाणी हजरत उमर (रजि.) यांना पुढे ताऊनची साथ पसरल्याचे कळले आणि त्यांनी काफिला माघारी वळवला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच चाललो आहोत. साथ येणे हे जसे तकदीरमध्ये, तसे तिची बातमी वेळेवर कानी येणे हेही तकदीरमध्येच.

काही जण सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीचा दाखला देतात. गर्भाशयांत काय आहे ते अल्लाहच जाणतो, मग माणसाने तेथे का डोकावे? परंतु अल्लाहचे ज्ञान परिपूर्ण आहे. त्या जिवाचे आयुष्य, रोजी, कर्म, त्याचा शेवट, सारे त्यात आले. सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते ती एक सावली आणि रक्ततपासणीत मिळतो तो एक अंदाज. वैद्याने नाडी पाहून ताप ओळखला म्हणून तो गैब जाणणारा ठरत नाही. तसेच हेही आहे.

म्हणजे तपासणी स्वतः हराम नाही. ती एक साधन आहे, आणि साधनाचा हुकूम ते कशासाठी हाती घेतले यावर ठरतो. खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

कागदावरचा आकडा काय सांगतो

त्या तरुणाला मी विचारले, “१:१८० म्हणजे काय, ते डॉक्टरांनी समजावले का?” त्याला वाटत होते की बाळ सदोष असल्याचे सिद्ध झाले आहे. आपल्या घरांत होणारा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून येथे जरा थांबतो.

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात, २३ जोड्यांमध्ये. एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रे आली, की एकूण ४७ होतात आणि त्या अवस्थेस डाऊन सिंड्रोम म्हणतात. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज वैद्याने १८६६ साली या मुलांचे वर्णन केले. गुणसूत्राचे कारण १९५९ साली पॅरिसमध्ये उजेडात आले. साधारणपणे सातशे ते आठशे जन्मांमागे असे एक बाळ जन्मते. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते. पंचविशीत ती सुमारे साडेबाराशेत एक असते, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक. बहुतेक वेळा हे बीजकोशाच्या विभाजनात आपोआप घडते. त्यात कुणाचा अपराध नसतो. चुलत-मामे नात्यातील निकाहामुळे काही अन्य आनुवंशिक आजार बळावतात हे खरे. पण डाऊन सिंड्रोमचे ते कारण नव्हे.

डबल मार्कर व त्यासोबतची एनटी सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होते. ती चाळणी आहे, निदान नव्हे. १:१८० याचा अर्थ असा, की असाच अहवाल आलेल्या १८० स्त्रियांपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांना तो नसेल. लाल अक्षरे त्या १७९ जणींच्याही कागदावर असतात आणि त्यांचीही झोप उडवतात. याहून अचूक अशी एनआयपीटी नावाची तपासणी दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तावरच करता येते. डाऊन सिंड्रोम असलेली जवळजवळ सर्व बाळे तिच्यात हेरली जातात. तरीही ती चाळणीच, कारण तरुण मातांमध्ये तिचा निकाल विरुद्ध आला तरी बाळ निर्दोष निघाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पक्के निदान हवे असेल तर सुईने वारेचा नमुना घ्यावा लागतो, तो साधारण ११ ते १४ आठवड्यांत. किंवा गर्भजल काढावे लागते, ते १५ आठवडे पूर्ण झाल्यावर. या दोन्हींत गर्भपाताचा धोका असतो, एक टक्क्याहून कमी, पण असतो. निव्वळ जिज्ञासेपोटी तो पत्करणे शरीअतच्या दृष्टीने योग्य म्हणता येणार नाही.

आणि एक गोष्ट कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. एकविसावे गुणसूत्र तिसरे आहे एवढे कळते. ते मूल किती बोलेल, किती शिकेल, घरात किती हसेल, हे कळत नाही.

१२० दिवस कोठून मोजायचे

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. तिचा सारांश असा, की मानवाची घडण आईच्या उदरात चाळीस-चाळीस दिवसांच्या टप्प्यांनी होते, त्यानंतर फरिश्ता येऊन रूह फुंकतो आणि त्या जिवाची रोजी, मुदत, कर्म व अखेरचे भाग्य लिहिले जाते. याच आधारे बहुतांश फुकहा १२० दिवसांनंतरच्या गर्भपाताला एका मानवी जिवाची हत्या मानतात. त्यानंतर बाळात कितीही व्यंग निघाले तरी गर्भपात हराम आहे. आईच्या जिवालाच खात्रीचा धोका असेल तर आजचे उलमा मुभा देतात, तेवढाच अपवाद. सूरह अल्-इस्रामध्ये दारिद्र्याच्या भीतीने अपत्यांना ठार करण्याची मनाई केली आहे, आणि रोजी देण्याची जबाबदारी अल्लाहने त्यांचीही घेतली आहे, आपलीही.

त्यापूर्वीच्या काळाबद्दल मतभेद आहेत. हनफी फुकहांपैकी अनेकांनी सबळ कारण असल्यास १२० दिवसांपूर्वी मुभा दिली. दूधपित्या बाळाच्या आईला पुन्हा दिवस गेले, दूध आटले आणि दाई ठेवण्याची ऐपत नाही, असे उदाहरण त्यांच्या ग्रंथांत येते. पण इमाम काजीखान (रह.) यांनी विनाकारण गर्भपाताला हलाल म्हणण्यास नकार दिला. एहरामातील माणसाने शिकारीच्या पक्ष्याचे अंडे फोडले तरी त्याच्यावर भरपाई येते, मग मानवाच्या मुळाचे काय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफिई आहेत. त्या मसलकातील इमाम गजाली (रह.) यांनी बीज रुजल्यापासूनच त्यावरील आघात हा गुन्हा मानला आणि गर्भ जसजसा वाढतो तसतसा तो गुन्हा वाढत जातो, असे सांगितले. मालिकी मसलकाचे प्रचलित मत सर्वांत कडक आहे. काही उलमांनी मर्यादा १२० ऐवजी ४० दिवसांची धरली. ज्यांना ते मत ग्राह्य वाटते त्यांच्यासाठी हा विषय येथेच संपतो, कारण आज प्रचलित असलेली एकही तपासणी चाळीस दिवसांच्या आत होत नाही.

आता या लेखातील सर्वांत व्यावहारिक गोष्ट. शरीअतचे १२० दिवस गर्भ राहिल्यापासून मोजले जातात. डॉक्टर मात्र आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे गर्भ राहण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून. त्यामुळे १२० दिवस म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबाने सुमारे १९ आठवडे. गर्भजल सोळाव्या आठवड्यात काढले आणि पेशींची वाढ करून अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागले, तर तो कागद हाती येईपर्यंत ती मर्यादा उंबरठ्यावर आलेली असते. पाचव्या महिन्याची सविस्तर सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते. तिच्यात काही दिसले आणि मग पुढील तपासणी केली, तर मर्यादा हमखास ओलांडलेली असते. अनेक कुटुंबे माझ्यापाशी येतात ती बाविसाव्या आठवड्यात. “कायद्याने परवानगी आहे,” असे सांगत येतात. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने गर्भात गंभीर व्यंगाचा धोका असल्यास दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत, आणि व्यंग फार मोठे असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यानंतरही मुभा ठेवली आहे. देशाचा कायदा काय करू देतो आणि अल्लाहपुढे कशाचा जाब द्यावा लागेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कायदा कुणालाही गर्भपाताची सक्ती करत नाही.

मक्केचा ठराव आणि डाऊन सिंड्रोम

राबिताच्या फिकह परिषदेने फेब्रुवारी १९९० मध्ये (रजब १४१० हिजरी) मक्केत याच प्रश्नावर ठराव केला. १२० दिवसांनंतर बाळ सदोष असल्याचे निदान झाले तरी गर्भपात जायज नाही, आईच्या जिवाला धोका असल्याचे विश्वासू तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने सांगितले असेल तरच तो अपवाद. १२० दिवसांपूर्वी मात्र, गर्भात गंभीर व उपचारापलीकडचे व्यंग असल्याचे अशाच समितीने तपासण्यांच्या आधारे सिद्ध केले, आणि ते बाळ जन्मल्यास त्याचे आयुष्य त्याला व त्याच्या घरच्यांना यातनामय होईल असे दिसले, तर आईबापांच्या विनंतीवरून मुभा आहे. त्यासोबतच परिषदेने डॉक्टरांना आणि आईबापांना अल्लाहचे भय बाळगून सावधपणे निर्णय घेण्याची ताकीद दिली.

प्रश्न असा, की डाऊन सिंड्रोम या अटीत बसतो काय? काही मुफ्ती साहेबांनी परिस्थिती पाहून बसतो असे म्हटले आहे आणि त्यांच्या इज्तिहादचा मी आदर करतो. माझे स्वतःचे मत, एका सामान्य इमामाचे मत म्हणून, असे आहे की केवळ डाऊन सिंड्रोम एवढ्याच कारणाने ती अट पुरी होत नाही. ज्या व्यंगांत बाळाचा मेंदू वा कवटी घडतच नाही, जन्मल्यावर काही तासही ते जगत नाही, त्यांची गोष्ट निराळी. डाऊन सिंड्रोम असलेली मुले उशिरा चालतात, उशिरा बोलतात. बहुतेकांचे बौद्धिक मांद्य सौम्य ते मध्यम असते. निम्म्याच्या आसपास मुलांना हृदयदोष असतो, पण त्यांतील बहुतेकांवर आज शस्त्रक्रिया होते. थायरॉइडच्या गोळ्या असतात, कानांची, डोळ्यांची काळजी घ्यावी लागते. पाश्चात्त्य देशांत चार दशकांपूर्वी त्यांचे सरासरी आयुष्य पंचविशीच्या घरात होते. आज ते साठीच्या आसपास पोहोचले आहे. ही मुले नमाजच्या सफमध्ये उभी राहतात, सलाम करतात, वडिलांच्या दुकानात पिशव्या भरतात. कष्ट आहेत, खर्च आहे, आईच्या जिवाची दमणूक आहे. पण यातनामय आयुष्य म्हणावे असे ते नाही. ज्याला आपण त्या मुलाच्या यातना म्हणतो, त्यांतील बराच भाग आपल्या नजरेने निर्माण केलेला असतो.

येथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. गर्भाचे लिंग सांगण्यावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. गर्भजलाची तपासणी निघाली होती गुणसूत्रांचे दोष पाहण्यासाठी, आणि तिचा वापर होऊ लागला मुली मारण्यासाठी. जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी तिच्या अपराधाविषयी विचारले जाईल, हे सूरह अत्-तकवीरमध्ये आपण वाचतो. तिला पुरणाऱ्यांचा हिशेबही हाच होता, की हिचा उपयोग काय आणि हिचा भार किती. डेन्मार्कमध्ये २००४ पासून प्रत्येक गरोदर स्त्रीला ही चाळणी देऊ केली जाते. आइसलँडमध्ये निदान झालेल्या गर्भांपैकी जवळजवळ सर्व पाडले जातात. तेथे कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही. तपासणी नित्याची झाली आणि तिच्यामागोमाग येणारा निर्णयही नित्याचा झाला. आपल्याकडेही ‘सगळे करतात’ असे म्हणत नाव नोंदवणाऱ्यांनी आधी घरात बसून एवढे ठरवावे, की निकाल विरुद्ध आला तर आपण काय करणार आहोत. बाळंतपण मोठ्या रुग्णालयात व्हावे, हृदयाचा डॉक्टर आधीच गाठावा, मनाची तयारी व्हावी, या नियतने तपासणी केली तर ती औषधोपचाराचाच एक भाग. उत्तर आधीच ठरले असेल आणि ते गर्भपात असेल, तर मुफ्तींकडे जाण्याची वेळ तपासणीनंतरची नव्हे, आधीची आहे.

दुबळ्यांचा हक्क

गर्भाला शरीअतने जन्मापूर्वीच हक्कदार मानले आहे. वारसा वाटताना पोटातील बाळाचा हिस्सा राखून ठेवावा लागतो. हुजैल टोळीतील एकीने फेकलेल्या दगडाने दुसरीचा गर्भ दगावला तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या गर्भाचीही भरपाई ठरवून दिली. जन्मल्यानंतर बुद्धीने दुबळ्या माणसाची तरतूदही आहे. सूरह अन्-निसामध्ये अजाणत्यांच्या हाती मालमत्ता सोपवू नये, पण त्यातून त्यांना खाऊ घालावे, कपडे द्यावेत आणि त्यांच्याशी भले बोलावे, असा आदेश आहे. फिकहमधील ‘वली’ची सारी व्यवस्था यावर उभी आहे. आपल्या देशातही १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बौद्धिक दिव्यांग व्यक्ती सज्ञान झाल्यावर तिच्यासाठी पालक नेमण्याची सोय केली आहे, आणि त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवलेली मुस्लिम कुटुंबे मला क्वचितच भेटतात. लाज वाटते म्हणून कागद काढत नाहीत आणि मग ‘आमच्यानंतर याचे कोण?’ म्हणून रात्र रात्र जागतात.

मदीनेत एक स्त्री होती, जिच्या बुद्धीत काहीसा फरक होता. ती प्रेषित (स.) यांच्याकडे आली आणि आपले एक काम असल्याचे म्हणाली. कोणत्या गल्लीत बोलायचे ते तूच ठरव, असे त्यांनी तिला सांगितले, आणि तिचे सारे बोलणे संपेपर्यंत तिच्यासोबत वाटेवर उभे राहिले. हजरत अनस (रजि.) यांची ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. आपण अशा माणसाला काय म्हणतो? कुणी ‘अल्लाह मियाँची गाय’ म्हणतो, कुणी सरळ ‘येडा’. जुन्या डॉक्टरी पुस्तकांत या मुलांना ‘मंगोल’ म्हणत. मंगोलियाने हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द सोडला. मराठीचा विद्यार्थी म्हणून मी ‘मतिमंद’कडून ‘बौद्धिक दिव्यांग’कडे झालेला प्रवासही पाहिला आहे. सरकारी कागदावरचा शब्द बदलला, वलीम्याच्या पंगतीतला अजून बदललेला नाही.

आणि अशा मुलाच्या आईला आपण काय ऐकवतो, ते तर विचारूच नका. त्या तरुणाला मी दुसऱ्या दिवशी पत्नीसह घरी बोलावले. माझ्या पत्नीने तिला आत नेऊन बसवले, चहा दिला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारलेला प्रश्न जायज-नाजायजचा नव्हता. “ग्रहणात मी भाजी चिरली होती. सासूबाई म्हणतात, त्यामुळे झाले. खरंच माझ्यामुळे झाले का?” प्रेषित (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक त्या दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हा कुणाच्या मरणाने वा जन्माने चंद्रसूर्याला ग्रहण लागत नाही, असे त्यांनी बजावले. स्वतःच्या लेकराच्या दुःखातही त्यांनी तो गैरसमज राहू दिला नाही. मी ही हदीस पडद्याआडून तिला सांगितली आणि तिच्या नवऱ्याला म्हणालो, “ही तुमच्या अम्मींनाही ऐकवा, पण आदराने.” आत ती रडत होती, असे पत्नीने नंतर सांगितले.

मग आम्ही एका वहीच्या पानावर तारखा मांडल्या. शेवटची पाळी, गर्भ राहिल्याचा अंदाज, १२० दिवस पुरे होण्याची तारीख, गर्भजल काढल्यास अहवाल येण्याची तारीख. दारुल इफ्ताला लिहायचे झाल्यास काय काय लिहावे, तेही सांगितले. माझे मत मी सांगितले. ते माझे मत आहे, फतवा नव्हे, हेही सांगितले. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा होता. सासूने नाही, सासऱ्यांनी नाही, आणि इमामानेही नाही.

आठवड्याने त्याचा फोन आला. सुईची तपासणी न करण्याचे त्यांनी ठरवले होते. मात्र बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी त्यांनी विसाव्या आठवड्यात करून घेतली; चारही कप्पे नीट दिसल्याचे डॉक्टर म्हणाले. बाळाला डाऊन सिंड्रोम आहे की नाही, ते त्यांना अजून ठाऊक नाही, मलाही नाही. बाळंतपणाची तारीख शाबानच्या अखेरीस आहे. नवजात बाळांसाठी वेगळा विभाग असलेले शहरातील रुग्णालय त्यांनी नक्की केले आहे, आणि तेथे जाण्यासाठी गाडीची सोय सासऱ्यांनी आपल्याकडे घेतली आहे.